अक्षराची ऐकणी

लेखी परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, तोंडीही असते. दुसरीच्या त्या वर्गात मात्र तिसरी एक परीक्षा होती आणि तिचं नाव मुलांनीच ठेवलं होतं, ऐकणी. बाईंच्या रजिस्टरात तिचं नाव 'कर्सिव्ह लेखनाचं मूल्यमापन' असं लांबलचक होतं. पण ते नाव बाईसुद्धा घेत नसत. उद्या ऐकणी आहे, पेन्सिलींना टोक काढून आणा, एवढंच म्हणत.

खारूच्या आईला ही परीक्षा कळली तीच मुळी निकालाच्या चिठ्ठीतून. चिठ्ठी तळहाताएवढी. वर खारूचं नाव, खाली एकच आकडा: अठरा. त्याच्याखाली बाईंच्या हातचं एक वाक्य, 'चाररेघी चालू ठेवावी.'

आईने चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं. अठरा कशापैकी? विसापैकी असतील तर उत्तमच, पण मग चाररेघी चालू का ठेवायची?

आता हे चाररेघी प्रकरण काय, ते सांगायला हवं. इंग्रजीची जोडून लिहायची अक्षरं मुलं आधी चार रेघांच्या वहीत गिरवतात. मधल्या दोन रेघांत अक्षराचं पोट, वरच्या रेघेपर्यंत त्याचं डोकं, खालच्या रेघेपर्यंत शेपूट. हात बसला की बाई मुलाला एकरेघी वही देत. निळ्या पुठ्ठ्याची, आत एकेकच रेघ, मोठ्या माणसांच्या वहीसारखी. जानेवारीपासून वर्गात एकेक निळी वही उगवायला लागली होती, आणि आता शेवटच्या महिन्यात चारच पोरांपुढे चाररेघी उरली होती. त्या चारांत खारू.

खारू सात वर्षांची. खारू हे नाव बाबाने ठेवलेलं, कारण पेन्सिलीचे तुकडे ती खारीसारखी घरभर लपवून ठेवी. उशीच्या अभ्र्यात, साखरेच्या डब्यामागे, बाबाच्या बुटात. निळी वही मिळाली की तिच्या पहिल्या पानावर काय लिहायचं, हे तिचं फेब्रुवारीतच ठरलं होतं. ते ती कुणाला सांगत नव्हती. त्या संध्याकाळी चिठ्ठी आईच्या हातात देऊन ती मोरीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ हात धूत राहिली. आईला नळाचा आवाजही आला आणि नळाच्या आवाजाखालचा दुसरा आवाजही आला.

आई चक्रावली, ती याच्यामुळे, की अख्ख्या वर्गात खारूएवढं देखणं अक्षर कुणाचं नव्हतं. हे ती आई म्हणून म्हणत नव्हती, वह्या पाहून म्हणत होती. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून इतर मुलांच्या वह्यांत डोकावायची तिला सवयच होती. आणि खारूचं अक्षर असं आपोआप नव्हतं आलेलं. सहा महिने रोज दुपारी आईने पट्टी लावून, बारीक पेनाने, चाररेघी कागदांवर ठिपके दिले होते. एका अक्षराला चार ठिपके, सगळे सारख्या अंतरावर. खारूने ठिपक्याला ठिपका जोडत जायचं आणि आईने शेजारी बसून टेबलावर नखाने ठेका धरायचा. एक ठिपका, टक. दुसरा ठिपका, टक. चूक व्हायला जागाच ठेवायची नाही, हा तिचा खाक्या. तिने पदवीला शिक्षणशास्त्राचा एक पेपर घेतला होता. त्यात जे वाचलं ते खरं तर याच्या उलट होतं, पण पेपर वेगळा आणि पोटची पोर वेगळी.

त्यावर कडी म्हणजे, खारूच्या बाकावरच्या मैत्रिणीला निळी वही केव्हाच मिळाली होती. तिला सगळे वादळ म्हणत. तिचं अक्षर बघितलं तर वाटावं, कोंबडी शाईत पाय बुडवून पळाली. त्या वादळाच्या आईने फाटकाशी हसत सांगितलं, आमच्याकडे कोण बसतंय घेऊन, तिची ती खरडते. हे ऐकून खारूच्या आईने छान छान म्हटलं आणि घरापर्यंत दात आवळून चालत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती खारूची वही छातीशी धरून वर्गात शिरली. बाई फळा पुसत होत्या. पन्नाशी उलटलेली, अंगापिंडाने किरकोळ बाई, केसांत खडूची भुकटी. आईने वही उघडून पुढे ठेवली आणि जमेल तितक्या नम्रपणे विचारलं, की यात काय कमी आहे ते दाखवलंत तर बरं होईल.

बाईंनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फाटकापाशी खेळणाऱ्या खारूला आणि वादळाला हाक मारून आत घेतलं, आणि आईला म्हणाल्या, पाठ करून बसा.

वर्गात पुढे एक जुनं लाकडी मेज होतं, वर झाकण, आत पोकळ. त्याच्यावर कागद ठेवून दोघींनी पाळीपाळीने 'कॅमल' लिहायचं होतं, उंटाचा कॅमल. आई भिंतीकडे तोंड करून बसली. आधी वादळ. मेजावर एकदा टक झालं आणि मग नुसती खरखर, कुणी ओल्या भिंतीवरून हात फिरवत गेल्यासारखी, आणि संपलं. मग खारू. टक. खर. टक. खर. टक, टक, खर, टक. आईला वाटलं, शेजारच्या खोलीत कुणी खिळे ठोकतंय. पोकळ मेज प्रत्येक टक मोठा करून सांगत होतं. तिने मोजायला सुरुवात केली आणि बाराच्या पुढे मोजायचं धाडस तिला झालं नाही.

"अठरा," बाई म्हणाल्या. "पेन्सिल अठरा वेळा उचलली तिने. कॅमलला एकदा टेकवली की पुरे असते."

मग बाई शेजारी येऊन बसल्या. खारूचं अक्षर सुंदर आहे, त्या म्हणाल्या, पण ते लिहिलेलं नाही, काढलेलं आहे. रांगोळीसारखं. पुढल्या वर्षी फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असतं. वर्ग पानाच्या तळाशी पोचेल तेव्हा ही दुसऱ्या ओळीत असेल, आणि मग अक्षरच काय, शाळाच नकोशी होईल. म्हणून मी अक्षर बघतच नाही. डोळे फसतात. डोळे मिटून ऐकते.

पुढची ऐकणी नऊ दिवसांनी, शेवटचीच. तीत नाही झालं, तर तिसरीतही चाररेघी. खारू झाकणाच्या कडेवर बोट फिरवत हे सगळं ऐकत होती.

संध्याकाळी आईने हा प्रकार बाबाला सांगितला तो तक्रारीच्या सुरात. कान लावून कुणी अक्षर तपासतं का? बाबाचं शिलाई यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. तो टेबलापाशी आला, त्याने खारूला कॅमल लिहायला सांगितलं आणि स्वतः टेबलावर आडवा कान टेकवला, यंत्रावर टेकवतो तसा. ऐकून झाल्यावर म्हणाला, बाईंना माझ्या दुकानात नोकरी देतो.

"अरे, चेष्टा कसली करतोस," आई म्हणाली.

चेष्टा नव्हे, तो म्हणाला. प्रत्येक टाक्याला थांबून पाय उचलला तर यंत्र शिवेल का? दोरा गुंततो. ही प्रत्येक ठिपक्याला पाय उचलते आहे. मग त्याने बायकोच्या हाताकडे बघितलं. तिचं नख टेबलावर वाजत होतं. "आणि तू आधी ते आवर. सहा महिने पोरीला ब्रेक लावायलाच शिकवलंयस."

हे तिला झोंबलं. पण भांडी घासून झाल्यावर तिने ठिपक्यांचे सगळे कागद एकत्र केले, एकशेदहा भरले, आणि रद्दीत टाकले.

पहिले तीन दिवस वाईट गेले. कोऱ्या ओळीवर न थांबता लिहायचं म्हटलं की खारूचा हात पुढेच जाईना. पहिल्या अक्षराचा गोल काढून ती थांबे आणि आईकडे बघे. पुढे कुठे जायचं? ठिपका कुठाय? आई म्हणायची, नाहीये आता ठिपका, तूच जा. खारूच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. तिसऱ्या दिवशी तिने पेन्सिल फेकली नाही, नीट कंपासपेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि म्हणाली, तिसरीत मी मागच्या बाकावर बसेन, म्हणजे माझी वही कुणाला दिसणार नाही. आईला वाटलं, रडली असती, आदळआपट केली असती तर परवडलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरातला ओटा पुसत होती. काळ्या दगडाचा ओटा, उकाडा मी म्हणत होता. खारू शेजारी स्टुलावर उभी राहून पाण्याच्या वाटीत बोटं बुडवत होती. बुडवलेलं बोट तिने ओट्यावर सहज फिरवलं. ई, ई, ई, एकमेकांत गुंतलेली वेटोळी. काळ्या दगडावर ओली अक्षरं चकाकली आणि डावीकडून वाळत निघाली. खारूने बघितलं की पहिलं वेटोळं गायब होतंय. तिने बोट पळवलं. तरी वाळणं तिच्या मागे लागलेलंच. तिने आणखी पळवलं, आणि ओट्याच्या टोकाला तिचा हात भिंतीवर आपटला तेव्हा ती हसत होती.

आईच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. वाळणारं पाणी ठिपक्याला थांबू देत नव्हतं.

"खारू," ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "पहिलं अक्षर वाळायच्या आत पूर्ण एलिफंट होतो का बघ."

हत्तीचा एलिफंट. बाईंच्या दहा शब्दांच्या यादीतला सगळ्यात लांब. पहिल्या खेपेला वाळण्याने हत्तीला पोटाशी गाठलं. दुसऱ्या खेपेला गळ्याशी. आई दर वेळी फडक्याने ओटा कोरडा करायची, खारू बोट बुडवायची, आणि दोघी अशा वाकून बघायच्या की जणू ओट्यावर घोड्यांची शर्यत लागली आहे. अकराव्या खेपेला खारूचं बोट शेवटच्या टीवर पोचलं, ते मागे आणून तिने टीची आडवी रेघ मारली, आणि पहिला ई अजून ओला होता. खारू स्टुलावरून उडी मारून खोलीभर धावली. आईही धावली असती, पण तिच्या हातात फडकं होतं, म्हणून तिने फडकं उंच उडवलं.

बाबा दुकानातून आला तर त्याला हातपाय धुवायच्या आधीच खेचून आणून एलिफंट दाखवण्यात आला. त्याने गंभीरपणे दाद दिली आणि टेबलफॅन आणून ओट्यासमोर लावला. एकवर चालव आधी, तो म्हणाला. उद्या दोनवर. मग बघू.

सातव्या दिवशी पंखा तीनवर होता आणि हत्ती जिंकत होता. आठव्या दिवशी बोटाच्या जागी पेन्सिल आली, दगडाच्या जागी कागद. बाबाने टेबलाला कान लावला. पाच, तो म्हणाला. मग चार. मग तीन. एलिफंटला दोनच टक चालतात, एक सुरुवातीचा, एक शेवटी टीची रेघ मारतानाचा. रात्रीच्या जेवणाआधी एकदा दोन झाले, पुढच्या खेपेला परत तीन.

आणि अक्षर? अक्षराचं मातेरं झालं होतं. हत्ती कधी पुढे कलंडायचा, कधी पीची शेपटी खालच्या ओळीत घुसायची. आईला ते बघवत नसे. सहा महिन्यांची मेहनत तिच्या डोळ्यांदेखत वाहून चालली होती आणि तिने तोंडातून शब्द काढायचा नव्हता. तिने फडकं हातात घट्ट पिळून धरलं आणि एवढंच म्हटलं, की मस्त पळतोय. खारूने वर बघितलं, आई खोटं बोलते आहे का याचा अंदाज घेतला, आणि परत पेन्सिल टेकवली.

ऐकणीच्या दिवशी ज्यांना यायचं त्या पालकांना मागे बसायची मुभा होती. खारूची आई वेळेच्या अर्धा तास आधी पोचली. तिला जागा मिळाली ती सगळ्यात मागच्या मेजाशी. तेही जुनंच, झाकणाचं, पुढच्या मेजाचं भावंड. तिने दोन्ही हात त्यावर ठेवले आणि घड्याळाकडे बघत बसली. आपलीच परीक्षा असल्यासारखी.

बाईंची रीत अशी: मूल मेजाशी बसे, बाई त्याच्याकडे पाठ करून वर्गाकडे तोंड करून बसत, डोळे मिटत आणि उजव्या हाताची मूठ वर धरत. प्रत्येक टकला एक बोट उघडे. बाकीच्या वर्गाने श्वाससुद्धा हळू घ्यायचा. आधीच्या तिघांपैकी दोघं पास झाले, एकाच्या वेळी बाईंना एका हाताची बोटं पुरेनात, दुसरा हात घ्यावा लागला.

मग खारू. तिने पत्र्याच्या डबीतून शब्दाची चिठ्ठी उचलली, उघडली, आणि मान वर करून मागे आईकडे बघितलं. ओठांनीच सांगितलं, एलिफंट. जो शब्द हवा होता तोच आला होता, आणि आता सबब सांगायलाही काही उरलं नव्हतं.

टक. बाईंचा अंगठा उघडला.

खर खर खर. आई मान उंच करून बघत होती. खारूचा हात ओट्यावरून धावायचा तसाच धावत होता. पहिला ई गेला, एल उंच चढून खाली आला, दुसरा ई. टक. बाईंचं दुसरं बोट उघडलं.

आई दचकली. पेन्सिल उचललेली तिला दिसली नव्हती. तिची नजर पेन्सिलीच्या टोकावरून हललेलीच नव्हती. पी आला, शेपूट खाली गेली, वर आली, एच चढला. टक. तिसरं बोट.

हे काय चाललंय? पोर थांबत नाहीये, हात उचलत नाहीये, आणि बाई बोटं उघडत सुटल्यात. वय झालंय बाईंचं. कान गेलेत. उठून सांगायला हवं. पण ऐकणीत बोलायचं नसतं. ए, एन. टक. चौथं बोट. आता टी राहिला फक्त, टीची रेघ राहिली, आणि ती रेघ म्हणजे आणखी एक. खारूने टी खाली ओढला, हात मागे नेला, आडवी रेघ मारली. टक. बाईंचा अख्खा पंजा उघडा झाला.

बाईंनी डोळे उघडले. "पाच," त्या म्हणाल्या.

आई अर्धवट उठली होती, तोंडाशी शब्द आले होते, सगळे बाईंच्या कानांविषयीचे. तेवढ्यात खारू मेजामागून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सरळ मागच्या मेजाकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तुझं बोट."

चाळीस डोकी मागे वळली. आईने खाली बघितलं. तिच्या उजव्या हाताचं नख त्या पोकळ मेजावर होतं आणि ती बघत असतानाच ते एकदा वर झालं आणि खाली आपटलं. टक.

वाटलं, झाकण उघडून मेजातच शिरावं. पण शिरून पोरीचे टक कमी होणार नव्हते. ती पूर्ण उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मधले तीन माझे आहेत, बाई. सहा महिने घरी असाच ठेका धरत होते. तिने हात उचललाच नाही. मी बघत होते."

बाईंनी उघडा पंजा मिटला. मग म्हणाल्या, "तरीच. हत्तीला पाचवा पाय कुठून फुटला तेच कळेना मला." वर्ग खदखदून हसला. बाईंनी तो हसू दिला आणि मग हात वर करून थांबवला. पण ऐकणी म्हणजे ऐकणी, त्या म्हणाल्या, पाहिलेलं मी धरत नाही. परत लिहावं लागेल. फळ्यापाशी जाऊन त्यांनी डस्टर उचललं, सगळ्या बाकांमधून चालत मागे आल्या आणि ते आईच्या दोन्ही हातांत दिलं.

"हे धरा. सोडू नका."

आईने डस्टर असं धरलं की खडूची भुकटी तिच्या मांडीवर सांडली.

खारूने नवा कागद घेतला. बाईंनी डोळे मिटले, मूठ वर धरली. टक. अंगठा. मग ती खरखर सुरू झाली. आई या वेळी बघत नव्हती. तिनेही डोळे मिटले होते. तिला ओल्या दगडावरून पळणारं बोट ऐकू आलं. पी कुठे आला, एच कुठे चढला, हे तिला नुसत्या आवाजावरून कळत होतं. मधे एकदा खरखर बारीक झाली, अगदी विझायला आल्यासारखी, आईची बोटं डस्टरच्या लाकडात रुतली, आणि पुन्हा आवाज मोठा झाला आणि पुढे गेला. मग क्षणभर काहीच नाही. मग टक.

तिने डोळे उघडले. बाईंची दोनच बोटं वर होती.

वादळ बाकावर उभी राहून नाचायला लागली आणि तिला कुणी खाली बसवलं नाही. बाईंनी कपाट उघडून निळी वही काढली आणि खारूच्या हातात ठेवली. मग आईकडे बघून, जरा हळू, त्या म्हणाल्या, पहिल्या वेळीही तिची खरखर तुटली नव्हती. सहा महिने ज्या टकला थांबली, त्याच टकवरून पुढे निघून गेली. मला त्याच वेळी मजा वाटली होती.

वही दिल्याची सही रजिस्टरात पालकांनी करायची असते. आई पुढे आली, डस्टर ठेवलं, पेन घेतलं आणि त्याच पोकळ मेजावर सही करू लागली. सही करून वर बघते तो बाईंचे डोळे मिटलेले आणि दोन्ही हातांची मिळून सहा बोटं उघडी. मग त्यांनी विचार करून सातवंही उघडलं, सहीच्या शेवटच्या टिंबासाठी.

वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी सगळ्यात जोरात आई हसली.

बाहेर पडल्यावर खारू निळी वही दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत होती. पहिल्या पानावर काय लिहायचं ते तिने अजूनही सांगितलं नाही. कोपऱ्यापाशी मात्र ती थांबली, दप्तर रस्त्यातच खाली ठेवलं, त्यातून जुनी चाररेघी वही काढली आणि आईला दिली.

"मागची पानं कोरी आहेत," ती म्हणाली. "तू सहीपासून सुरू कर. आणि घरी गेल्यावर आधी ओट्यावर."